सातवा रकाना

शिट्टी आधी तिला पंख्याची वाटली. पालिकेच्या त्या लांबट खोलीत छताला चार पंखे होते, चारांपैकी एखादा तरी कण्हत असणारच, असं धरून ती दहा मिनिटं निवांत बसली होती. मग वीज गेली, पंखे फिरत फिरत थांबले, आणि शिट्टी चालूच राहिली. बारीक, मधूनच तुटणारी, पुन्हा येणारी. तिनं शेजारी पाहिलं. शेजारी बॅटऱ्यांवाला पेंगत होता, पण तोंड उघडं टाकून. त्याच्या पलीकडे रंगवाला, मग धुलाईवाला, आणि बाकाच्या टोकाला मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गल्लीच्या दुकानदार मंडळाचे अध्यक्षकाका. आख्खी गल्लीच त्या बाकावर येऊन बसली होती आणि कुणालाच काही ऐकू येत नसावं. तिनं सहज श्वास रोखला. शिट्टी थांबली. श्वास सोडला, शिट्टी आली. तिनं पुन्हा एकदा रोखून पाहिला, खिशातली किल्ली खिशातच आहे ना म्हणून माणूस दोनदा चाचपतो तसा. शंका उरली नाही. शिट्टी तिच्याच नाकात होती.

तिनं ओठ उघडले आणि तोंडानं श्वास घ्यायला लागली. हे इतकं चटकन झालं की आधी लाज वाटली की आधी भीती, ते तिचं तिलाच कळलं नाही. हा सूर तिला पाठ होता. दुपारी जेवण झालं की बाबा दुकानातच, हौदांच्या मागच्या फळीवर, अर्धा तास आडवे व्हायचे आणि त्यांच्या नाकातून हाच सूर निघायचा. आई म्हणायची, हळू बोला, बाबांच्या नाकातलं पाखरू उठेल. ती आणि धाकटा भाऊ पाखरू बघायला त्यांच्या तोंडावर वाकायचे, आणि बाबांना जाग आली की दोघांची मागणी ठरलेली असायची: दोरा. बाबा आधी आढेवेढे घेत. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मागवत, त्याचं टोक साबणाच्या वडीवर घासून ताठ करत, एका नाकपुडीतून आत घालत आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढत. दोन टोकं दोन हातांत धरून, चेहरा कोर्टातल्या साक्षीदारासारखा गंभीर ठेवून, ते दोरा इकडून तिकडे सरकवत. पोरं हसून लोळायची. गल्लीतली पोरंसुद्धा यायची, मोठी माणसंही यायची. अध्यक्षकाका तेव्हा अध्यक्ष नव्हते, नुसते शेजारचे काका होते, आणि त्यांनी तर एकदा हसता हसता चहा सांडला होता. शाळेत तिनं एका कारकुनाच्या मुलीला विचारलं होतं, माझ्या बाबांना येतं, तुझ्या बाबांना येतं का? ती मुलगी रडकुंडीला आली होती. त्या विजयाचा अभिमान तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आज या बाकावर, तोंड उघडं टाकून बसलेली असताना, तो तिला कुठं ठेवावा ते कळेना.

बाबांचा, आणि बाबांनंतर तिचा, धंदा क्रोमच्या मुलाम्याचा. नळ, दारांच्या मुठी, सायकलच्या घंट्या, काळवंडून येईल ते तारेला टांगायचं, एकामागून एक हौदांत बुडवायचं आणि शेवटच्या, कोऱ्या चहाच्या रंगाच्या हौदातून लखलखीत करून वर काढायचं. त्या शेवटच्या हौदात वीज सोडली की बुडबुडे उठतात आणि बुडबुड्यांबरोबर एक बारीक तुषार उडतो, डोळ्यांना न दिसणारा. तो नाकात जाऊन बसतो. आधी नाक कोरडं पडतं, मग खपल्या धरतात, मग रक्त येतं. काही महिने येतं. आणि मग एक दिवस यायचं बंद होतं. मुलाम्याच्या धंद्यात याला दार उघडणं म्हणतात. दार उघडलं की तो माणूस पक्का कारागीर झाला. त्यानं त्या दिवशी सगळ्या दुकानाला चहा पाजायचा, अशी रीत. रक्त थांबलं ते बरं झाल्यामुळं नव्हे, रक्त यायला तिथं काही शिल्लकच उरलं नाही म्हणून, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चांगली शहाणीसुरती माणसं, हातात कसब असलेली, भोकाला औषध समजत आली आणि त्यावर चहा पीत आली. गेल्या वर्षापासून ती स्वतः शेवटच्या हौदावर उभी राहत होती, आणि तिचं रक्त दोन महिन्यांपूर्वी थांबलं होतं. थांबलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. चहा मात्र तिनं कुणाला पाजला नव्हता, कारण मालकिणीनं असल्या गोष्टी सांगत सुटणं बरं दिसलं नसतं.

ती उठली. "आलेच," म्हणून काकांना सांगून बाजूच्या न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. बेसिनवरचा नळ तिच्या ओळखीचा होता. पालिकेची ही इमारत झाली तेव्हा सगळे नळ आणि दारांच्या मुठी तिच्याच दुकानातून चमकून आल्या होत्या आणि बाबांनी एकेक नग फडक्यानं पुसून खोक्यात भरला होता. तिनं हात धुतले. मग आरशाकडे पाहत दोन्ही करंगळ्या दोन नाकपुड्यांत घातल्या. मधे भिंत असायला हवी होती. दोन्ही करंगळ्यांची टोकं एकमेकींना लागली. दुखलं नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. आरशात एक त्रेचाळीस वर्षांची बाई दोन्ही हात नाकाशी धरून उभी होती, आणि तिचं ध्यान बघून तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ती संतापली. याच हसण्यावर आपलं सगळं बालपण गेलं, असं तिच्या मनात आलं. बाबांना माहीत होतं की नव्हतं? माहीत नसेल तर माफ. आणि माहीत असूनही पोरांना हसवायला दोरा घालत असतील तर त्या माणसाला काय म्हणायचं? तिला बाबांचा इतका राग आला आणि त्याच वेळी त्यांची इतकी आठवण आली की तिनं नळ पूर्ण सोडला आणि पाण्याचा आवाज होऊ दिला.

बाकावर परत येऊन बसली तेव्हा काकांनी तिचा फॉर्म गठ्ठ्यातून वर काढून ठेवला होता. हे काम वर्षानुवर्षं काकांचं. धोकादायक माल आणि कचरा बाळगणाऱ्या प्रत्येक दुकानानं दर वर्षी पालिकेला एक फॉर्म द्यायचा असतो, आणि गल्लीतल्या तेवीसही दुकानांचे फॉर्म काका आपल्या हातानं, एका बैठकीत, निळ्या शाईनं भरत. काकांचं अक्षर मोठं देखणं. सातवा रकाना होता, जागेत साठवलेला अगर टाकलेला घातक गाळ, किलोमध्ये. त्यात काका डोळे मिटूनही लिहितील अशा सफाईनं लिहीत: निरंक. म्हणजे काही नाही. बॅटऱ्यांवाल्याकडे निरंक, रंगवाल्याकडे निरंक, धुलाईवाल्याकडे निरंक. पालिकेच्या दप्तरी ती गल्ली एखाद्या दवाखान्याहून स्वच्छ होती. मालकांनी फक्त सही करायची. यंदा वरून कुठूनसा हुकूम आला की मालकानं स्वतः हजर राहून तपासनिसासमोर सही करावी, म्हणून ही वरात. तपासनिसाला गल्लीत सगळे रुमालसाहेब म्हणत. ते तपासणीला येत ते उंबऱ्यापर्यंत. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातूनच आत एक नजर टाकत, सगळं ठीक ना, असं विचारत, आणि ठीक आहे म्हटल्यावर मनापासून बरं वाटल्यासारखे निघून जात. माणूस वाईट नव्हता. तिच्या बाबांचा मुलगा शोभावा इतका सज्जन होता, आणि नेमकं तेच तिला आता खुपायला लागलं.

कारण तिच्याकडे निरंक नव्हतं. तिच्या दुकानात विहीर होती. दुकान बांधण्याआधीपासूनची, आटलेली, बाबांनी वर फरशी घालून बुजवल्यासारखी दाखवलेली. फरशीत एक झाकण होतं. दर शनिवारी हौदांच्या तळचा पातळ गाळ दोन बादल्या भरून काढायचा, त्या झाकणातून विहिरीत ओतायचा आणि वर घमेलंभर चुना टाकायचा. चुन्यानं सगळं मरतं, असं बाबा म्हणत. बाबा गेल्यावर तिनंही तेच केलं. इतक्या वर्षांत एक शनिवार चुकला असेल तर शपथ. आणि विहीर कधी भरली नाही. बाबांना याचं भारी कौतुक. आलेल्या पाहुण्यालासुद्धा सांगत, आपली विहीर मोठी गुणाची, कितीही द्या, तक्रार नाही. तीही हे कौतुकानं सांगत आली होती. जे ओतलं ते जर तिथं नाही तर मग कुठं गेलं, हा प्रश्न एखाद्या लहान मुलानं विचारला असता. त्या घरात तो कुणी विचारला नाही. गल्लीच्या टोकाला हातपंप आहे. त्याचं पाणी चार-पाच वर्षांपासून पिवळट येतं. लोक म्हणतात, लोखंड असेल.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, हे सगळं माहीत असून ती आज मुकाट्यानं सही करायलाच आली होती. गेल्या शनिवारचं तेवढं मनातून जात नव्हतं. दुकानात नग तारेला टांगायचं काम करणारी एक मुलगी आहे, तिला सगळे तारवाली म्हणतात. लग्न होऊन वर्ष झालेली, बोलकी, कामाला वाघीण. शनिवारी ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हातातला रुमाल उघडून दाखवला. रुमाल लाल झाला होता. "ताई, हे पाहा ना," ती म्हणाली, "आठ दिवस होतंय." आणि ताईच्या तोंडून बाबांचं वाक्य, बाबांच्याच सुरात, जसंच्या तसं बाहेर पडलं, "उष्णतेनं होतं गं. थांबेल." मागून म्हातारा मिस्त्री म्हणाला, "दार उघडू दे तिचं. मग चहा आपला." तारवाली हसली. रुमालाची घडी घालून पुन्हा कामाला लागली. तिनं विश्वास ठेवला, इतकंच. त्या रात्री घरी आल्यावर ताईनं धाकट्या भावाला फोन केला होता. दुकानात त्याचाही वाटा आहे, आणि त्याचं नाक शाबूत आहे, कारण त्याला शिकायला लांब ठेवलं होतं. तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं कुणाला काही झालंय का? बाबांना काय झालं?" बाबा छातीच्या दुखण्यानं गेले होते. तिनं म्हटलं, "बाबांच्या नाकाला भोक होतं." तो खळखळून हसला. "तो दोरा ना? काय मजा यायची." तिनं फोन ठेवला होता.

"कशाला एवढी घामाघूम झालीस?" काका म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. सही ठोकायची आणि घरी."

"काका, तुमच्या नाकातून रक्त आलंय कधी?"

"आलं होतं. फार जुनी गोष्ट. मी पण दोन वर्षं तुझ्या बाबांकडं हौदावर होतो की. मग आपोआप थांबलं." ते बोलता बोलता थांबले. "का?"

"मी यावर सही करणार नाही."

काकांनी आधी इकडं तिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "पोरी, डोकं ठिकाणावर ठेव. तू खरं लिहिलंस की उद्या ते रंगवाल्याकडं शिरतील, परवा बॅटऱ्यांवाल्याकडं. एकटी तू बुडणार नाहीस, आम्हाला घेऊन बुडशील. तुझ्या दुकानाला तर आजच्या आज कुलूप. सहा माणसं घरी बसतील, त्यांचा विचार केलास?"

"केला. बसतील. निदान नाक घेऊन बसतील."

"तुझ्या बाबांनी उभं केलेलं दुकान आहे ते."

"म्हणूनच," ती म्हणाली. सकाळी कुलूप काढताना येणारा हौदांचा तो ओला, तोंडात नाणं ठेवल्यासारखा वास, तारेवर हलणाऱ्या ओल्या घंट्या, भिंतीवरची बाबांची टोपी, हे सगळं एका सहीच्या अंतरावर होतं. सही केली तर उद्याही असेल, नाही केली तर नसेल. तिला ते दुकान आवडत होतं. हे तिनं स्वतःशी कबूल केलं, आणि मग बाकावर बसल्या बसल्या हिशेब मांडला. बाबा गेल्यापासूनची बावीस वर्षं, सुट्या वगळून अकराशे शनिवार, दोन बादल्या, बादली वीस किलोची. चव्वेचाळीस हजार. तेवढ्यात टेबलामागून रुमालसाहेबांनी दुकानाचं नाव पुकारलं.

टेबल त्याच खोलीच्या टोकाला होतं. बाकावरून सगळं दिसत होतं आणि पंखे बंद असल्यामुळं सगळं ऐकूही येत होतं. साहेबांनी नम्रपणे खुर्ची दाखवली. "बसा. इथं आणि इथं, दोन सह्या." तिनं साहेबांचंच पेन उचललं, सातव्या रकान्यातल्या देखण्या निरंकवर आडवी रेघ मारली आणि तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात वर लिहिलं: चव्वेचाळीस हजार किलो, विहिरीत. साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"खरं."

"अहो, पण विहीर किती भरलीय?"

"नाही भरली. कधीच भरत नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर वाट सापडल्याचा आनंद दिसला. "मग झालं तर. साठा म्हणजे जागेवर असलेला माल. जागेवर नाही तर साठा नाही. म्हणजे निरंकच. मी नवा फॉर्म देतो."

"रकान्यात साठवलेला अगर टाकलेला असं आहे, साहेब. मी टाकला. या हातांनी."

"असं राहू दिलं तर मला आज दुकानाला सील लावावं लागेल."

"लावा."

"मॅडम, असं नुसतं लिहून चालत नाही," साहेब आता अजिजीला आले होते. "पुरावा लागतो. गाळ तिथं नाही, तुम्ही म्हणता होता. उद्या वरून मला विचारतील. मी या फॉर्मला जोडू काय?"

टेबलावर टॅगांची जुडी पडली होती. फाइली बांधायच्या त्या वीतभर पांढऱ्या दोऱ्या, दोन्ही टोकांना पत्र्याच्या बारीक काड्या. तिनं त्यातला एक ओढून घेतला. का घेतला हे घेताना तिला ठाऊक नव्हतं. हाताला ठाऊक होतं. तिनं खुर्ची किंचित वळवली, म्हणजे बाकावरच्यांनाही दिसावं. मान वर केली, टॅगचं टोक उजव्या नाकपुडीत घातलं, आत बोटानं वळवलं. डोळ्यांत पाणी आलं. पत्र्याची काडी डाव्या नाकपुडीतून बाहेर आली, तिनं ती धरून ओढली, आणि दोन्ही टोकं दोन हातांत घेऊन, साहेबांच्या डोळ्यांत पाहत, दोरी एकदा इकडं आणि एकदा तिकडं सरकवली. बाबांसारखीच. चेहराही तसाच ठेवला.

कुणी हसलं नाही. बाकावर रंगवाल्याचा हात नाकाशी गेला होता. बॅटऱ्यांवाला जागा झाला होता. काका उभे राहिले होते, त्यांच्या मांडीवरचा गठ्ठा जमिनीवर पडला होता, आणि ते तो उचलत नव्हते.

तिनं टॅग बाहेर काढला. त्यावर थोडं रक्त होतं. फॉर्मच्या कडेला टोचलेली दोन भोकं होती, त्यांतून तिनं तोच टॅग ओवला, मागं गाठ मारली आणि फॉर्म साहेबांसमोर सरकवला. "हा जोडा," ती म्हणाली.

साहेबांनी सवयीनं रुमाल काढला, नाकापर्यंत नेला, आणि मग तसाच हातात धरून बसले. त्यांची नजर त्या दोन भोकांवर गेली. शेवटी त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला आणि खणातून सीलचा डबा काढला.

"विहिरीचं झाकण कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं. "मला आत यावं लागेल."

"मधोमध," ती म्हणाली. "थंड जागा आहे म्हणून सगळे त्याच्यावरच बसून डबा खातात. चला, दाखवते. आधी तारवालीला घरी पाठवायचंय."

वीज अजून आली नव्हती. ती उठली, तोंड मिटलं आणि नाकानं भरभरून श्वास घेतला. शिट्टी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेली.